मळ्यावर मालमत्ता कर नको, अडवून ठेवलेल्या प्लॉटवर हवाच (चौघा नाशिककरांची चर्चा)

आडगाव शिवार
२०१८ साली नाशिक महापालिकेने करयोग्य मूल्याचे, म्हणजे ज्या किमतीवर घरपट्टी मोजतात तिचे, दर वाढवले आणि मोकळ्या जागांसोबत शहर हद्दीतली शेतीही करात ओढली. शेतकरी रस्त्यावर उतरले, आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठरावाची तयारी झाली, काही दर खाली आले, वर्षअखेरीला आयुक्तांची बदलीही झाली. मूळ प्रश्न तसाच राहिला. जमीन कशासाठी वापरली जातेय हे न बघता कर लावायचा का?

माझं म्हणणं: पीक उभं असलेल्या जमिनीला कर शून्य. एनए (बिगरशेती) करून भाव वाढायची वाट बघत पडून असलेल्या जमिनीला दरवर्षी चढता कर. म्हसरूळ-आडगाव पट्ट्यात बांधाच्या एका बाजूला द्राक्षबाग दिसते, दुसऱ्या बाजूला सिमेंटचे खांब रोवलेला ले-आउट आणि त्यात कमरेएवढं गाजरगवत. रस्ता, पथदिवे, ड्रेनेज त्या गवतापर्यंत पोचलंय. तो खर्च तिथूनच निघायला हवा.

जकात २०१३ ला गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, आता जीएसटीची भरपाई राज्याकडून येते. महापालिकेच्या स्वतःच्या हातात उरली ती मुख्यतः घरपट्टी आणि विकास शुल्क. विकास शुल्क बांधकाम परवानगीच्या वेळी एकदाच मिळतं, नव्या वस्तीचा कचरा, गटार, पाणी मात्र कायमचं अंगावर येतं. तरीही तिजोरी भरायची तर बांधकाम परवानग्या वाढवा, हाच सोपा मार्ग राहतो. जमीन राखायची असेल तर आधी हे गणित बदललं पाहिजे.

पाथर्डी फाटा
माझी इमारत १ एप्रिल २०१८ नंतरची. वाढीव दर अशा नव्या मिळकतींनाच लागले. शेजारच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एवढाच फ्लॅट, घरपट्टी कितीतरी कमी. रस्ता एकच, घंटागाडी एकच. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतची घरं मालमत्ता करातून सुटली. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत आहे. आमची घरपट्टी थकली की महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड.

आणि मळ्यांना शून्य? आज बाग आहे, उद्या शेजारून मोठा रस्ता आखला की तीच जमीन बिल्डरकडे जाणार. सूट द्यायचीच तर अट घाला: पुढच्या दहा वर्षांत एनए केली तर माफ केलेला सगळा कर व्याजासकट वसूल.

मखमलाबादकर
भाऊ, वसुली करा, पण उलटा हिशेबही मांडा. नदीकाठच्या निळ्या पूररेषेत जमीन गेली की बांधकाम बंद. ग्रीन झोनला एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात बांधायची मुभा, नावापुरता. सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलं की रोख पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडे बांधकामासाठी विकता येणारा हक्क) घ्या म्हणतात, आणि तो विकायला गेलं की समोरचा भाव पाडून मागतो. मखमलाबाद-हनुमानवाडीला नगररचना योजना आणली तेव्हा जवळपास निम्मी जमीन द्या, उरलेली रस्त्या-लाइटीसह परत घ्या, असा सौदा होता. काहींना पटला. मला नाही, कारण तुकड्यावर बाग उभी राहत नाही.

शहरात बाग राखणं काय असतं तेही ऐका. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर औषध फवारायचा ब्लोअर सुरू केला की सोसायटीतून फोन येतात. त्यांचं चुकत नाही, लहान मुलांच्या नाकात औषध जाऊ नये. म्हणून पहाटे अंधारात फवारणी करतो. त्या वेळेला मजूर मिळत नाही, मिळाला तर जादा रोज मागतो. एवढं करून फुलोऱ्यात पाऊस आला, डाउनी रोग पडला की वर्ष हातचं गेलं. हिरवळ अख्ख्या शहराला हवी, मग तिची किंमत एकट्या माझ्या सातबाऱ्यावर का?

साइट इंजिनिअर
जमीन कोंडली की घरं महाग होतात. मग अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या कामगाराने जायचं कुठे? हद्दीबाहेर गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जागेत. तिथे ड्रेनेज नसतं, आणि काही वर्षांनी ती वस्ती महापालिकेच्याच गळ्यात पडते. वाढ अडवू नका, आत वळवा. पंचवटी-जुन्या नाशकातले मोडकळीला आलेले वाडे आधी बांधू द्या.

पडीक प्लॉटवरच्या कराला पाठिंबा आहे. पण कर्ज फिटेपर्यंत थांबलेला एका प्लॉटचा मालक आणि पाच एकरांचा ले-आउट अडवून बसलेला डेव्हलपर यांना एकच दर लावू नका.

आडगाव शिवार
एका प्लॉटवाल्याला सवलत, मान्य. वसुलीची अटही मान्य, पण दहा नाही, पाच वर्षं, आणि बिनव्याजी. जमीन सरकारनेच रस्त्यासाठी घेतली तर वसुली अजिबात नाही. पडीक प्लॉटचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यातून हरित आरक्षणांचा मोबदला रोख द्या. २०२५ च्या अखेरीला कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायची म्हटल्यावर लोक रस्त्यावर आले, ते योग्यच झालं. पण मळे उठतात तेव्हा कुणाला पत्ताही लागत नाही.

पाथर्डी फाटा
खातं वेगळं ठेवा, चालेल. पण नव्या-जुन्या घरांतला फरक आधी मिटवा. तोवर कुठल्याही नव्या सवलतीला माझा विरोधच राहील.

मखमलाबादकर
पाच वर्षं चालतील. पण पीक उभं आहे हे ठरवणार कोण? नुसत्या सातबाऱ्यावरच्या नोंदीवर जाऊ नका, ले-आउटवालेही मक्याच्या दोन ओळी टाकून पीकपेरा लावून घेतील. ई-पीक पाहणीतला (मोबाइल ॲपवरच्या पीक नोंदीतला) फोटो घ्या, शेतीपंपाचं वीजबिल बघा, आणि वर्षातून एकदा माणूस बांधावर पाठवा.