ट्रीटमेंट संपली तरी खर्च चालूच

ताई, तुम्ही लिहिलंय की आईच्या ब्रेस्ट कॅन्सरचं केमो-रेडिएशन सगळं झालं, रिपोर्ट चांगले आले, पण आता फॉलोअपच्या खर्चानंच घाम फुटलाय. अगदी बरोबर. आमच्या मिसेसचं ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं, पण नंतरच्या गोळ्या, मॅमोग्राफी, मुंबईला जाणं-येणं सगळं खिशातनं. आणि भेटायला येणारे शहाळं आणतात, सल्ले देतात, पैशाचं मात्र कोण विचारत नाही बघा.

तुमच्या आईला टॅमॉक्सिफेन नाहीतर लेट्रोझोल (कॅन्सर परत येऊ नये म्हणूनच्या हार्मोनच्या गोळ्या) चालू असेल तर त्या गोळ्या 5 वर्षं, कधी त्याहून जास्तही घ्याव्या लागतात, म्हणून डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा की जेनेरिक (तेच औषध, कंपनीच्या ब्रँडशिवाय) लिहून द्या, जनऔषधी दुकानात आधी विचारा, पण परस्पर बदलू नका आणि परवडत नाही म्हणून बंद तर अजिबात करू नका.

परेलला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात जात असाल तर रेल्वेची सवलत घेता ना? हॉस्पिटलकडनं ठरलेल्या फॉर्मवर सर्टिफिकेट घ्यायचं, स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटचं तिकीट माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. सोलापूर-मुंबई सिद्धेश्वर एक्सप्रेसला गर्दी असते, तेवढं बुकिंग आधी बघा.

आणि दर वेळी मुंबईच कशाला, काही तपासण्या बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला करून चालतील का हे टाटाच्या डॉक्टरांना विचारा की. बिलं सगळी फाईलला लावून ठेवा, घरात कोण जुन्या पद्धतीनं इन्कम टॅक्स भरत असेल तर गंभीर आजाराच्या उपचारखर्चावर (जुन्या कायद्यातलं 80डीडीबी कलम) 40 हजारापर्यंत वजावट मिळते, आई सीनियर सिटिझन असतील तर 1 लाखापर्यंत. आईंचं वय किती आहे?