‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’ : बँडचा अल्बम की एकट्या स्लायचा?

खर्जवेडा :
गायक स्लाय स्टोनच्या ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या बँडचा १९७१चा हा अल्बम थोर आहे, त्यावर वाद नाही. पण तो बँडच्या नावावर मोजणं मला पटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या या बँडची ओळखच मुळी सात जणांची होती. काळे-गोरे, बायका-पुरुष एकत्र, आणि एकाची ओळ दुसऱ्यानं उचलायची. १९६९चा ‘स्टँड!’ ऐका, प्रत्येक जण वेगळा ओळखू येतो. ‘रायट’चं काम चालू असताना ड्रमर ग्रेग एरिको सोडून गेला. बऱ्याच गाण्यांत बेस (खर्जाची गिटार) स्लायनं स्वतःच वाजवलाय. ‘फॅमिली अफेअर’ हे नाव घरच्या माणसांचं, पण ताल ड्रम मशीनचा आणि इलेक्ट्रिक पियानो पाहुण्या बिली प्रेस्टनचा!

रात्रपाळी :
अजिबात सहमत नाही. त्याच गाण्याचं धृपद रोझ स्टोन गाते, स्लायची सख्खी बहीण. तो आवाज काढून बघा, गाणं उभं राहत नाही. आणि घर मोडायला आलेलं ऐकवायचं असेल तर भरलेलं घर दाखवून कसं चालेल? एकाच टेपवर पुन्हापुन्हा रेकॉर्डिंग केल्यानं आवाज मळकट, दबलेला झालाय. मला तर तो मळकटपणाच अल्बमचा जीव वाटतो. १९६९च्या शेवटी आलेलं ‘थँक यू’ घ्या, कसं लख्ख वाजतं. तेच गाणं इथे सात मिनिटांहून लांब, जड पावलांनी चालत येतं. दोन वर्षांत त्या माणसांचं काय झालं ते एवढ्यात कळतं.

खर्जवेडा :
पहिल्या ‘थँक यू’मध्ये बँडचा बेसवादक लॅरी ग्रॅहमचा अंगठा आहे, म्हणून ते लख्ख आहे! अंगठ्यानं तार ठोकून बेस वाजवायची ती पद्धत पुढे फंक या ठेकेदार संगीतप्रकारात सगळीकडे पसरली. १९७२मध्ये तोही गेला. असा माणूस गमावणं ही कलात्मक निवड नसते.

रात्रपाळी :
पण लॅरीला ती पद्धत सापडली कशी? तो आईबरोबर वाजवायचा आणि साथीला ड्रमर नव्हता. म्हणून अंगठ्याचा ठोका मोठ्या बेस ड्रमच्या जागी आणि खेचलेली तार स्नेअर या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमच्या जागी. रिकाम्या खुर्चीतूनच ती जन्मली. मग एरिकोच्या रिकाम्या जागेतून स्लायनं यंत्राला बोलतं केलं, तर तेच कमअस्सल का?

तालकरी :
मधेच बोलतो. दोघंही १९७३चा ‘फ्रेश’ विसरताय. बेसवर रस्टी ॲलन, ड्रमवर अँडी न्यूमार्क, दोघेही नवे. ‘इन टाइम’मध्ये न्यूमार्क मशीनच्या ठोक्यांच्या फटींतून जे वाजवतो, ते मी महिनाभर हातानं मांडीवर धरून पाहिलं, अजून पूर्ण बसलं नाही. माणसं बदलली म्हणून बँड संपत नाही. शिवाय ट्रम्पेटवाली सिंथिया रॉबिन्सन आणि सॅक्सोफोनवाला जेरी मार्टिनी तर सुरुवातीपासून ‘फ्रेश’पर्यंत आहेतच.

खर्जवेडा :
‘इन टाइम’ मान्य, तिथे माझं काही चालत नाही. पण ‘फ्रेश’वरचं ‘के सेरा सेरा’ रोझ पुढे होऊन गाते, तेव्हा घर पुन्हा भरल्यासारखं वाटतं. ‘रायट’मध्ये मला तसं एकदाही वाटलं नाही.