एमपीआय एफडीटीडी: प्रोसेस वाढवले की कोड स्लो का होतो?? अर्जंट

रात्रपाळी: सी मध्ये एफडीटीडी (ग्रिडवर विद्युतचुंबकीय लहरी स्टेप-स्टेपने सोडवायची पद्धत) लिहिलाय, एमपीआय (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून त्यांना एकमेकांशी बोलायला लावायची सोय) लावलंय. ४ प्रोसेसपेक्षा १६ वर जास्त वेळ लागतोय. १६ कोरचा लॅपटॉप आहे. उत्तर बरोबर येतंय, एका प्रोसेसशी ताडून बघितलंय त्यामुळे प्लीज "बग असेल" म्हणू नका. सोमवारी गाइडना स्पीडअपचा ग्राफ दाखवायचाय.

नांगरट: ग्रिड केवढा? कुठल्या दिशेने कापलाय? पीएमएल (कडेला लहरी शोषून घेणारा भाग) किती थर? डबल (८ बाइटचे आकडे) की फ्लोट (४ बाइटचे)? काहीच सांगायचं नाही म्हणजे आम्ही काय पत्रिका बघायची का

कुडावाला: एमपीआय सोडा, जीपीयू घ्या. एफडीटीडी जीपीयूवरच करायची गोष्ट आहे, सीपीयूवर हमाली कशाला

रात्रपाळी: जीपीयू नाहीये. ३०० × ३०० × १००, सेल ०.४ मिमी, २.४५ गिगाहर्ट्झचा पॅच अँटेना, एफआर४ वर (सर्किट बोर्डचं मटेरियल). झेडमध्ये कापलाय कारण लूप तसाच आहे. पीएमएल नेहमीचा, १०. डबल.

नांगरट: १०० थर १६ जणांत म्हणजे वाट्याला जेमतेम ६. वरखाली १०-१० पीएमएल, म्हणजे टोकाच्या प्रोसेसला नुसतं पीएमएलच येणार, ते जड, आणि मधले सगळे त्याची वाट बघत बसणार. शिवाय दर स्टेपला ३०० × ३०० चा काप शेजाऱ्याला द्यायचा. एक्समध्ये काप, १८-१९ थर येतील आणि देवाणघेवाण एक तृतीयांशावर येईल. आणि फील्डचे सहाही कंपोनंट पाठवत असशील तर बंद कर, कापाला समांतर दोन ई (विद्युत क्षेत्र) एकीकडे, दोन एच (चुंबकीय क्षेत्र) दुसरीकडे, बास.

जुनं_खोड: १९९१ ला पुण्यात सीडॅकचा परम ८००० सुपरकॉम्प्युटर आला तेव्हा त्यात ट्रान्सप्युटर (एकमेकांना जोडायचे प्रोसेसर) असायचे, प्रत्येकाला फक्त चार लिंक. कोण कोणाशी बोलणार हे आधी कागदावर काढायला लागायचं. आता मुलं नुसतं एमपीआय सेंड लिहितात.

वायफाय_पीडित: या पॅचने घरातल्या राउटरची रेंज वाढेल का? मागच्या खोलीत अजिबात येत नाही

मेमरीवाला: कापाकापी नंतर करा हो. ताई, १६ कोर खरंच आहेत का? एमपीआयरनला (प्रोसेस सुरू करायची कमांड) काय काय देता?

रात्रपाळी: साइटवर ८ कोर १६ थ्रेड लिहिलंय, एकच ना ते? नुसतं १६ दिलं तर स्लॉट नाहीत म्हणायचं, मग ओव्हरसबस्क्राइब (जागेपेक्षा जास्त प्रोसेस चालू दे, असा ऑप्शन) टाकलं.

मेमरीवाला: एकच नाही. कोर ८ च आहेत, प्रत्येकावर दोन थ्रेड. ९० लाख सेल × ६ फील्ड × ८ बाइट म्हणजे ४३२ एमबी, कॅशमध्ये मावत नाही. दर स्टेपला सगळं रॅममधून आणायचं आणि परत ठेवायचं, त्यात गणित किती, तर चार बेरजा-वजाबाक्या. दोन चॅनलची डीडीआर४-३२०० रॅम असेल तर कागदावर ५१.२ जीबी प्रति सेकंद, ते ४ कोरच संपवतात, बाकीचे रांगेत. फ्लोट करा, जवळजवळ निम्म्यावर येईल.

नांगरट: फ्लोटने रेझोनन्सची वाट लागते, लांब रनला राउंडऑफ (आकडे तोडल्याने येणारी चूक) साठत जातो

मेमरीवाला: पॅचला? एफआर४ एवढा लॉसी (लहरीची ऊर्जा खाणारा) आहे की तुमचा राउंडऑफ त्याच्यापुढे दिसणारसुद्धा नाही

कुडावाला: जीपीयूवर हा वादच नसता :)

रात्रपाळी: एक्समध्ये कापलं, फ्लोट केलं, ८ प्रोसेस. आधीपेक्षा बरंच बरं. पण ४ आणि ८ मध्ये अजून काहीच फरक नाही!!

नांगरट: फाइल किती वेळा लिहितेस?

रात्रपाळी: दर स्टेपला, पूर्ण ईझेड (ई चा झेड कंपोनंट). प्रोसेस ० सगळ्यांकडून गोळा करून लिहितो. ॲनिमेशन करायचंय ना.

मेमरीवाला: दर स्टेपला ३६ एमबी, ते पण एकाच प्रोसेसकडून!! अहो ०.४ मिमीला तुमची स्टेप फार तर ०.७७ पिकोसेकंद, म्हणजे २.४५ गिगाहर्ट्झच्या एका सायकलला ५३० स्टेप. दर २५ स्टेपला पॅचच्या पातळीचा एक काप लिहा, ॲनिमेशन तेवढंच छान दिसेल.

रात्रपाळी: पण फाइल लिहायचा वेळ स्पीडअपमध्ये धरायचा असतो का?

नांगरट: 🤦