वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. आम्हा भावंडांनी कोणती तपासणी करावी?

प्रश्न (कास्तकार, आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

माझ्या वडिलांना वयाच्या ५४ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्याआधी वर्षभर शौचावाटे रक्त जात होते, पण मूळव्याध समजून आम्ही गावातच औषध आणत राहिलो, याची खंत आजही जात नाही. मी ४२ वर्षांचा आहे, थोरला भाऊ ४६ आणि बहीण ३८ वर्षांची; तिघांनाही काही त्रास नाही. शौचातील न दिसणारे रक्त शोधणारी तपासणी तालुक्याच्या गावी होते, कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहण्याच्या तपासणीसाठी, मात्र नागपूर गाठावे लागते. पहिली तपासणी निर्दोष आली तर नागपूरची फेरी टाळता येईल का?

उत्तर (परिचारिका, जि. वर्धा)

टाळू नका. शौचाची ती तपासणी घरात हा आजार नसलेल्या, साधारण ४५ वर्षांपुढील माणसांसाठी उपयोगी आहे. काडीने थोडा नमुना बाटलीत घ्यायचा, आणि ती दरवर्षी करायची. परंतु आतड्यातील गाठी, म्हणजे पॉलिप, रोज रक्त सोडत नाहीत, त्यामुळे निर्दोष अहवालावर तुमच्यासारख्यांनी विसंबणे धोक्याचे आहे. आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला ६० च्या आत हा कर्करोग झाला असेल, तर वयाच्या ४० व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा थेट कोलोनोस्कोपी करतात. तुमच्या घरी ते वय ४० येते. म्हणजे तुम्हा दोघा भावांचे ते उलटून गेले आहे, बहिणीला दोन वर्षे आहेत. निर्दोष निघाल्यास दर ५ वर्षांनी पुन्हा करावी. पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात आणि दुर्बिणीतूनच तारेच्या फासाने पॉलिप काढता येतो, म्हणून ही तपासणी आजार होण्याआधीच त्याला अडवते.

आपल्या सरकारी आरोग्य मंदिरांत (गावातील आरोग्य केंद्रांत) तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी होते, मोठ्या आतड्याची नाही. तेव्हा बोलावणे येईल म्हणून थांबू नये.

उत्तर (निवृत्त शिक्षक, दारव्हा)

माझ्या शौचाच्या तपासणीत रक्त आढळले, तेव्हा मी तीच तपासणी पुन्हा केली, ती निर्दोष आली आणि मी आठ महिने निश्चिंत राहिलो. ही चूक होती. एकदा रक्त आढळले की पुढची पायरी कोलोनोस्कोपीच. माझे दोन पॉलिप काढले.

एक महत्त्वाचे सांगतो. कोलोनोस्कोपीच्या आदल्या सायंकाळी दोन लिटर पाण्यात पोट साफ करणारी पावडर कालवून प्यावी लागते आणि त्यानंतर तासन्‌तास संडासला जावे लागते, त्यामुळे पहाटेच्या एसटीने निघण्याचा विचार करू नका. आदल्या दिवशीच नागपूरला मुक्कामी जा, सोबत कोणाला तरी न्या, आणि रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती कशी घ्यायची हे आधी विचारून घ्या.

प्रश्नकर्ता

आपले दोघांचे मनापासून आभार. सोयाबीनची सोंगणी आटोपताच आम्ही दोघे भाऊ जाऊ. तोवर थांबलेले चालेल ना?

उत्तर (परिचारिका, जि. वर्धा)

त्रास नसेल तर तेवढे थांबता येईल. मात्र शौचावाटे रक्त गेले, शौचाची सवय बदलली किंवा कारणाशिवाय हिमोग्लोबिन उतरले, तर सोंगणी सालदारावर सोपवून निघा.