मदत हवी आहे: बायबलमधल्या मत्तय 25 वर कीर्तन करायचंय, पूर्वरंगात (अभंग घेऊन निरूपण करायच्या पहिल्या भागात) अडकलोय

आमच्या चर्चच्या मंडळीत तरुण संघाच्या उपासनेत मला उपदेशाच्या जागी 20 मिनिटं दिलीयेत आणि मी नारदीय पद्धतीनं कीर्तन करतो म्हणून सांगून बसलोय. विषय मत्तय 25:14-30, धन्यानं चाकरांना पैसे दिले तो दाखला. पाळकसाहेबांची परवानगी आहे, दोन वडील मंडळी मात्र "चर्चमध्ये झांजा कशाला" म्हणतायत, त्यामुळे फसलं तर पुन्हा चान्स नाही.

उत्तररंग, म्हणजे गोष्ट सांगायचा आख्यानाचा भाग, जमलाय. तिसरा चाकर धन्याचे पैसे पुरायला रात्री खड्डा खणतो, मग वरची माती पायानं दाबतो, तिथे एक साकी आणि एक दिंडी (कीर्तनात गायचे छंद) स्वतः रचलीय. पेटी मी वाजवतो, तबल्याला मित्र आहे. घोळ पूर्वरंगात आहे. तिथे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा अभंग घेऊन पाहिला (ते 1919 ला गेले, म्हणजे कॉपीराइटचा प्रश्न नाही), पण निरूपण करायला गेलो की सरळ प्रवचनच होतं आणि 12 मिनिटं त्यातच जातात. घरी दोनदा घड्याळ लावून केलं, दोन्ही वेळा आख्यान घाईत उरकलं. नुसती गाणी म्हण असं सुचवू नका प्लीज, ते दर रविवारी होतंच.

अहिल्यानगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची जुनी परंपरा आहे, तिकडच्या कोणी केलं असेल तर सांगा: 20 मिनिटांत पूर्वरंगाला किती वेळ द्यायचा, आणि अभंगाचं एकच चरण घेऊन थेट "मला भीती वाटली" या चाकराच्या वाक्यावर आलो तर ते कीर्तनात बसतं का?