फ्रॅटर्निटीचा सल्लागार आहे, रॅगिंग कळलंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो. शिकताना ज्या फ्रॅटर्निटीत (कॉलेजच्या मुलांची संघटना, सदस्य बहुधा एकाच घरात राहतात) होतो, तिच्याच शाखेचा दोन वर्षांपासून बिनपगारी सल्लागार आहे. हिशेब, विमा, घराची डागडुजी, हे सगळं जमतं. पोरांचा जीवही आहे माझ्यावर.

परवा एका नव्या मुलाने रडवेल्या आवाजात सांगितलं, सीनियर रात्रभर झोपू देत नाहीत, दारू पाजतात. 'माझं नाव कुठे येऊ देऊ नका' म्हणाला. वय १९, इथे २१ च्या आत दारू चालत नाही. २०१७ मध्ये इथल्या पेन स्टेट विद्यापीठात अशीच दारू पाजलेला १९ वर्षांचाच मुलगा जिन्यावरून पडला, तासन्‌तास कुणी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही, तो गेला. त्यानंतर २०१८ मध्ये राज्याचा रॅगिंगविरोधी कायदा कडक झाला. तेव्हा कॉलेजला मी कळवणारच, याच आठवड्यात.

पण नवे सदस्य सहाच आहेत. कोण बोललं हे लगेच ओळखतील. शिवाय यापुढे कुणी माझ्याशी मोकळेपणाने बोलेल का?

इथे कुणी असं काम केलंय का? तक्रार देताना मुलाचं नाव कसं जपलंत? त्याच्या आईवडिलांशी आधी बोलावं का?