मार्जरी मॉर्निंगस्टार नुसता उपदेश नाही

हर्मन वोकच्या या कादंबरीत नटी व्हायची स्वप्नं पाहणारी मार्जरी शेवटी लग्न करून संसाराला लागते, तो शेवट मलाही खुपतो, पण "ही कादंबरी म्हणजे मुलींनो स्वप्नं सोडा आणि मुकाट लग्न करा, बस" असं जे इथे एकाने लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. शेवटच्या प्रकरणासाठी अख्खं पुस्तक निकालात काढलंत, त्यातला विनोद कुठे गेला? हर्मन वोक कादंबऱ्यांकडे वळायच्या आधी रेडिओवरच्या फ्रेड ॲलन या विनोदवीरासाठी विनोद लिहायचा आणि तो हात १९५५ च्या या पुस्तकात जागोजागी दिसतो. मार्जरीचा अंकल सॅमसन-ॲरन आठवा ना, मार्जरी साउथ विंड या उन्हाळी रिसॉर्टला नाटकाच्या ओढीने जाते, तिथे तिला भुरळ घालणारा तो नोएल, आणि आई काय करते तर पोरीवर नजर ठेवायला या खादाड, प्रेमळ म्हाताऱ्याला धाडते, तो चक्क तिथल्या किचनमध्ये भांडी घासायला लागतो! आधी हसून पुरेवाट होते, पण मार्जरीला चारचौघांत त्याचा संकोच वाटायला लागतो तिथे पोटात तुटतं.

आणि नोएल. सगळ्यात चमकदार वाक्यं लेखकाने त्यालाच दिलीयत, मार्जरीसारख्या मुलींना तो सरसकट 'शर्ली', म्हणजे शेवटी लग्न आणि घरच हवं असलेल्या चारचौघींसारख्या मुली, म्हणून मोडीत काढतो, पण पानं उलटत जातात तसा त्याचाच पोकळपणा उघडा पडतो. नुसता उपदेश करायचा असता तर इतका मोहक माणूस उभा केलाच नसता.